तुटलं तिथून पुढे

देवाचा कौल झाला आणि आचऱ्याच्या गावपळणीची तारीख ठरली. देवळातून परत आलेल्या गुरुदास परबांनी पडवीत चपला काढता काढताच ती घरात सांगितली. माजघरात लॅपटॉप घेऊन बसलेल्या त्यांच्या मुलीने, संचिताने, ती ऐकली आणि समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिच्या कामाचा सगळ्यात मोठा दिवस नेमका त्याच तारखेला होता.

गावपळण काही वर्षांनी एकदा येते. देवाच्या आज्ञेने अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. कुणीही घरात मागे थांबायचं नसतं, आणि कामाचं निमित्त सांगून तर नाहीच.

संचिता एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत इंजिनीअर होती. ही बाजारपेठ कामांची. जगात कुठेतरी कुणाला पुस्तकाचं मुखपृष्ठ हवं असतं, कुणाला भाषांतर, कुणाला व्हिडिओ. ते करणारी माणसं तिसऱ्याच देशात आपापल्या घरी बसलेली असतात. दोघांची गाठ तिथे पडते, काम ठरतं, आणि झालं की तिथूनच पाठवलं जातं. पुण्यात काही वर्षं काढून संचिता आचऱ्याला परतली, तेव्हा शेजारच्या राधाबाईंनी तिच्या आईला विचारलं होतं, "यशोदा, तुझा चेडू घराकडे बसान नेमका काय करता गो?"

यशोदाबाईंनी थोडा विचार करून सांगितलं होतं, "बाजारपेठेचा काय तरी काम आसा. पण थंय मासळी नाय आणि भाजीय नाय."

आचऱ्याला आल्यावरच संचिताला एक गोष्ट जाणवली होती. मोठी फाइल पाठवताना मध्येच रेंज गेली की सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. पुण्यात हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. इथे मात्र तिचीच फाइल तीन-तीनदा शून्यावर यायची, आणि तिला वाटायचं, माझं हे असं, तर ज्यांचं पोटच या फाइलींवर आहे त्यांचं काय होत असेल? वेळेत काम न पोचल्याने ज्यांच्या नावापुढे 'उशीर' असा शिक्का बसतो, त्यांची माहिती तिने काढून पाहिली. बहुतेक जण अशाच गावांतले निघाले. कुणी डोंगरातले, कुणी बेटांवरचे.

तिच्या कंपनीत एक रीत होती. कुणालाही काही बदलावंसं वाटलं तर त्याने ते लिहून सगळ्यांसमोर ठेवायचं. लिहिणारा नवा की जुना, कुठल्या गावातला, हे बघायचं नाही. बाकीच्यांनी वाचून शंका लेखीच विचारायच्या, आणि त्यांना उत्तरं मिळाल्याखेरीज काम सुरू करायचं नाही. संचिताने लिहिलं: फाइलचे लहान लहान तुकडे करू, एकेक तुकडा पाठवू, संपर्क तुटला तर जिथे तुटलं तिथून पुढे जाऊ, आणि सगळे तुकडे पोचले की पलीकडे जोडू. शंकांचा पाऊस पडला. विभागाची प्रमुख मार्ता पोर्तुगालमधून काम करायची. तिने एकटीनेच इतके प्रश्न विचारले की संचिता वैतागून समुद्रावर फिरून आली. पण उत्तरं लिहिता लिहिता मूळ कल्पनेतल्या दोन कच्च्या जागा तिच्या तिलाच सापडल्या. त्या बुजवल्या आणि प्रस्ताव मंजूर झाला.

पुढचं सगळं वर्ष त्यात गेलं. तिच्यासोबत देवेश होता, नागपूरचा, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. एकाने लिहिलेला प्रत्येक भाग दुसऱ्याने वाचायचा आणि मगच तो पुढे जायचा, हीसुद्धा तिथली रीत. देवेश सुरुवातीला तिच्या कोडला नुसतं 'छान' म्हणायचा. संचिताने त्याला एकदा फोन करून सांगितलं, "छान म्हणायला माझी आई आहे. तू चुका काढ." त्यानंतर तो काढू लागला.

तर अशा कामाचा शुभारंभ आणि गावपळण एकाच दिवशी आली. विक्री विभागाने मोठ्या ग्राहकांचा मेळावा त्याच दिवशी ठेवला होता आणि तिथे या सोयीची घोषणा व्हायची होती. तारीख हलणार नव्हती. देवाची तर नव्हतीच.

संचिताने मार्ताला गावपळणीबद्दल सांगितलं. मार्ताने हे ऐकून बराच वेळ प्रश्न विचारले, कोंबड्यांनासुद्धा कसं नेतात ते विचारलं, आणि मग म्हणाली, "तू सुट्टी घे. देवेश आणि मी बघू. एका माणसावर अडणारं काम आपण करतच नाही."

"ते मला माहीत आहे," संचिता म्हणाली. "पण मला माळावरूनच बसायचं आहे. ज्यांना धड रेंज नाही अशांसाठी आपण हे केलं. तिथून माझंच काम चालणार नसेल तर ते मला कळायला हवं."

मार्ताला ते पटलं. फक्त एक अट तिने घातली. थांबवायचं बटण जसं संचिताच्या हातात, तसंच देवेशच्या हातात राहील, आणि ते दाबायला कुणी कुणाची परवानगी घ्यायची नाही.

गावपळणीच्या दिवशी देवळात नौबत वाजली आणि गाव निघाला. परबांचा संसार टेम्पोत चढला. चुलीची भांडी, तांदूळ, सुकी मासळी, चटया, दोन शेळ्या. संचिताने लॅपटॉपची बॅग पोटाशी धरली तेव्हा यशोदाबाईंनी विचारलं, "गो, ता पण घेवन येतलंस?"

"होय, आये. काम आसा."

"सुट्टी नाय गावली?" गुरुदासांनी विचारलं.

"गावत होती. मीच नको म्हटलंय."

गुरुदासांनी तिला टेम्पोत चढायला हात दिला. ते मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये काम करून निवृत्त झाले होते. सणासुदीला घरी नसणं म्हणजे काय हे त्यांना नव्याने सांगायला नको होतं.

वेशीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. एका बाजूला काजूची झाडं, दुसऱ्या बाजूला जांभ्या दगडाचा उंचवटा. झोपडीत रेंजची एकच काडी दिसायची आणि तीही वाऱ्यासारखी यायची-जायची. उंचवट्यावर चढलं की तीन काड्या. संचिताने तिथेच चटई टाकली. शेजारच्या झोपडीतली सलोनी लांबून हात करून गेली. ती व्हिडिओ जुळवण्याची कामं घरून करायची, एवढं संचिताला माहीत होतं.

दुपारी काम सुरू झालं. त्यांच्याकडे नवी गोष्ट सगळ्यांना एकदम देत नसत. आधी शंभरातल्या एकाला द्यायची, काय होतंय ते बघायचं, मग दहांना, मग सगळ्यांना. शंभरातल्या एकाचं काम छान चाललं. पडद्यावरची रेघ हिरवी राहिली. मार्ताने हसरा चेहरा पाठवला. दहांना दिलं. तेही चाललं. तिकडे मेळाव्यात विक्री विभागाचे प्रमुख मंचावर चढायच्या तयारीत होते.

यशोदाबाईंनी घावणे आणि नारळाचा गोड रस खायला हाक मारली, म्हणून संचिता खाली आली. ताट हातात घेतलं तेवढ्यात फोन वाजला. देवेश होता.

"संचिता, एक तक्रार आली आहे. एकच आहे. केनियातल्या एका चित्रकर्तीने मुखपृष्ठ पाठवलं, ते तिच्या ग्राहकाला अर्धं जुनं आणि अर्धं नवं दिसतंय. वर निळं आभाळ आहे आणि खाली आधीच्या कच्च्या चित्रातलं पिवळं शेत. आता काय..."

तिथेच फोन तुटला. झोपडीतली एकुलती काडीही गेली होती.

संचिताने ताट खाली ठेवलं आणि ती उंचवट्याकडे पळत सुटली. पळता पळता तिच्या डोक्यात चक्र चालू होतं. एकच तक्रार. रेघ हिरवी. दहा हजारांत एखाद्याचं काही बिघडतंच. पण अर्धं जुनं, अर्धं नवं? म्हणजे एका फाइलचे तुकडे दुसरीला जोडले जात होते. आज चित्र होतं, उद्या एखाद्याचा करारनामा असेल. हे थांबवायला हवं. आणि देवेश थांबवेल का? वर्षभराच्या अनुभवाचा पोरगा. मंचावर प्रमुख उभे. तिच्या शब्दाची वाट बघत तो बसून राहील, आणि तिचा शब्द तर इथे जांभ्या दगडांत अडकलेला.

वर पोचून तिने लॅपटॉप उघडला. सगळ्यांच्या चॅटच्या खिडकीत देवेशचा निरोप आधीच आला होता.

'मी थांबवलं. कारण खाली लिहिलं आहे. सगळे जण आता जुन्या पद्धतीवर आहेत. आधीच पोचलेल्या फाइली तपासायला घेतो.'

संचिता चटईवर बसली. तिला धाप लागली होती. काम थांबलं याचं वाईट वाटायला हवं होतं, वर्षभराची मेहनत होती. पण तिला जे वाटलं ते वेगळंच होतं. आपल्या धाकट्या भावाने भर गर्दीत, कुणी न सांगता, योग्य ते केलं की जसं वाटावं तसं. फोन तुटला आणि त्याने वाट पाहिली नाही.

लगेच विक्री विभागाकडून निरोप आला: घोषणा पाचच मिनिटांवर असताना हे कुणी आणि कुणाला विचारून बंद केलं?

देवेश उत्तर लिहू लागलेला दिसत होता. टिंबं उमटत होती, पुसली जात होती. संचिताने त्याच्या आधी लिहिलं: 'आमच्या टीमने थांबवलं. विचारायची गरज नसते, तसा आपलाच नियम आहे. लोकांचं काम चुकीचं पोचत होतं. दुरुस्त झाल्यावर पुन्हा सुरू करू.' तिच्याखाली मार्ताने एकच ओळ टाकली: 'देवेशने तेच केलं ज्यासाठी ते बटण आहे. घोषणा पुढे ढकला.'

घोषणा पुढे ढकलली गेली.

मग शोध सुरू झाला. चुकीच्या जोडल्या गेलेल्या आणखी काही फाइली सापडल्या, फार नाही. त्या त्या माणसाला कळवून फाइली पुन्हा मागवल्या. संध्याकाळपर्यंत कारणही सापडलं. फाइल अर्धवट गेलेली असताना कुणी त्याच नावाची सुधारलेली फाइल चढवली, की जोडणाऱ्या भागाला दोन्ही एकच वाटायच्या. तो जुन्याचे तुकडे नव्याला लावून मोकळा व्हायचा. नावावरून ओळख धरण्याचा तो भाग संचिताने स्वतः लिहिला होता.

तिचे कान गरम झाले. नव्या माणसांना ती नेहमी सांगायची, की आपण चूक कुणी केली हे विचारत नाही, कशी होऊ शकली हे विचारतो. सांगणं सोपं होतं. आता स्वतःच्या ओळी समोर असताना तिला ते सोपं वाटेना. तिने लिहिलं, 'हा भाग माझा आहे,' आणि सापडलेलं सगळं खाली मांडलं. पुढची दुरुस्ती पोर्तुगालमधल्या मंडळींकडे सोपवून ती खाली उतरली.

चुलीजवळ गुरुदास विडी ओढत बसले होते. तिचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झाला?"

"एक चूक गावली. आमच्यातल्या एकान काम थांबवला."

"कोणाची चूक?"

"माझी, बाबा."

गुरुदासांनी विडी विझवली. "मगे? आता काय म्हणतले तुका?"

"काय नाय. चूक कशी झाली ता लिवचा आणि परत होव नये म्हणान काय करूचा ता सगळ्यांनी मिळान ठरवचा."

"आणि ज्यान थांबवला, तेका?"

"तेका शाबासकी."

गुरुदासांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "आमच्या जहाजार असा नव्हता," ते म्हणाले. "चूक झाली काय पयली ती लपवची. कॅप्टन ओरडतलो म्हणान. मगे ती दुसऱ्याच्या पाळयेत भायर पडा, आणि तोपर्यंत वेळ गेलेली असा." ते उठले आणि त्यांनी स्वतः तिला घावणे वाढून दिले. "खा. दुपारचा ताट तसाच ठेवन पळालंस."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बैठक झाली. वेगवेगळ्या देशांतली माणसं पडद्यावर जमली. संचिता उंचवट्यावर, मागे काजूची झाडं आणि चरणारी परबांची शेळी. देवेशने घडलं ते क्रमाने लिहिलं होतं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. 'जोडणाऱ्या भागाने नावावरून ओळख धरली', 'चाचणीत कुणी एकच नाव दोनदा वापरून पाहिलं नव्हतं', असं सगळं.

मार्ताने विचारलं, "आपल्यापैकी पाच जणांनी हा भाग वाचला. पाचांनाही हे दिसलं नाही. का दिसलं नसेल?"

देवेश म्हणाला, "मला वाटतं, आपण सगळेच फाइलला नवं नाव देतो. अंतिम, अंतिम दोन, खरंच अंतिम. चित्रकार लोक तीच फाइल त्याच नावाने पुन्हा साठवतात. ते कसं काम करतात हे आपण बघितलंच नव्हतं."

पडद्यावरची माणसं हसली आणि मग सगळ्यांनीच ते लिहून घेतलं. यापुढे कुठलीही नवी सोय देण्याआधी ती वापरणाऱ्या निदान काही माणसांच्या शेजारी बसून बघायचं, असं ठरलं. संचिताच्या कानांची गरमी केव्हा गेली हे तिला कळलंही नाही. बैठक संपताना तिला जाणवलं, की या लोकांसमोर आपण चुकलो होतो आणि तरी आपण ताठ बसलो आहोत. अशा ठिकाणी आपण काम करतो याचा तिला फार अभिमान वाटला.

दुरुस्ती झाली, तपासली गेली, आणि गावपळणीच्या शेवटच्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं. या वेळी मार्ताने सुचवलं की सुरुवात सगळ्यात कमी रेंज असलेल्या भागांपासून करू. पुन्हा आधी थोड्यांना, मग आणखी थोड्यांना. तक्रार आली नाही. देवेश प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांत तेल घालून बसला होता. एकाच नावाच्या फाइली त्याने स्वतःच इतक्या वेळा चढवून पाहिल्या, की मार्ताने त्याला जेवून यायला सांगितलं.

दुपार कलल्यावर सलोनी फोन आणि लॅपटॉप घेऊन संचिताच्या झोपडीशी आली. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता.

"संचिताताय, तुका ह्यातला कळता मां? जरा बग गो. हॉलंडमधल्या एका बागकामवाल्यांचो व्हिडिओ पाठवतंय. रेंज गेली. माका वाटला, आता परत शून्यार. मी कट्टा गावाक मावशीकडे वायफायार जावचा म्हणान निघालंय होतंय. पण ह्या थंयच थांबला. आणि रेंज इल्यार पुढे सराकला."

संचिताने पडद्याकडे पाहिलं. तिच्याच बाजारपेठेचं पान होतं. निळी पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे होती आणि हळूहळू सरकत होती. इतके दिवस तिने ही गोष्ट आलेखावर पाहिली होती, आकड्यांत पाहिली होती. शेजारच्या मुलीच्या मांडीवर ती पहिल्यांदाच दिसत होती.

"कट्ट्याक जावची गरज नाय," ती म्हणाली. "हयसूनच जातला."

"पण असा कसा झाला?"

चुलीपाशी बसलेल्या यशोदाबाईंनी मान वर केली. तीन दिवस मुलगी त्या दगडावर चढून काय करत होती, हे त्यांना तेवढ्यात उमगलं. "ता आमच्या संचितान केल्यान," त्या म्हणाल्या.

"मी एकटीन नाय, आये."

"बरा, एकटीन नाय. पण केल्यान."

गुरुदास पुढे आले. इंजिनरूममधल्या माणसाला नुसतं ऐकून चालत नाही, चालवून बघावं लागतं. त्यांनी सलोनीला लॅपटॉप घेऊन काजूंच्या मागे जायला सांगितलं, जिथे अजिबात रेंज नव्हती. ते स्वतः तिच्याबरोबर गेले. मागोमाग राधाबाई निघाल्या, शेजारपाजारच्या झोपड्यांतली आणखी चार-सहा माणसं निघाली, आणि एक कुत्राही. काजूंच्या मागे पट्टी थांबली. सगळे वाकून बघत उभे राहिले. मग घोळका उंचवट्याकडे परत आला. पट्टी क्षणभर तशीच राहिली आणि पुढे सरकली.

"थांबली थंयसूनच," गुरुदासांनी सगळ्यांना सांगितलं, जणू त्यांनीच ती ढकलली होती. "परत एकदा बगूया."

परत एकदा सगळे काजूंच्या मागे गेले. संचिताने फोन काढून हे सगळं चित्रित केलं. पुढे लॅपटॉप धरलेली सलोनी, तिच्यामागे पदर खोचलेल्या बायका, हातवारे करणारे बाबा, आणि शेवटी मागे राहिलेली, कंबरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघणारी आई. तो तुकडा तिने टीमला पाठवला. खाली लिहिलं: 'हे माझं गाव. आपण केलेलं काम बघतंय.'

सलोनीचा व्हिडिओ पूर्ण पोचला. तिच्या हॉलंडच्या ग्राहकाचं उत्तरही आलं.

गाव दुसऱ्या दिवशी परतला. त्याच आठवड्यात नवी सोय सगळ्यांना देऊन झाली, आणि विक्री विभागाच्या प्रमुखांची राहिलेली घोषणा पार पडली. काम मध्येच थांबवल्याची गोष्टही त्यांनी ग्राहकांना सांगितली, देवेशचं नाव घेऊन. मार्ताने कंपनीतल्या सगळ्या इंजिनीअरांच्या सभेत बोलताना एकही आलेख दाखवला नाही. तिने माळावरचा तो तुकडा लावला. तो संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असं देवेशने फोन करून सांगितलं. तो त्या सभेला बंगळुरूला गेला होता.

संचिताने हे जेवताना घरी सांगितलं.

यशोदाबाईंचा हात भातावर थांबला. "म्हणजे माका पण बगल्यानी? सगळ्या देशांतल्या लोकांनी?"

"होय. शेवटाक तू आसस मां."

"माका आदी सांगूचा तरी होता. चांगला लुगडा तरी नेसलंय असतंय." त्या रागावल्यासारखं करून बोलल्या आणि उठल्या. भांडी तशीच ठेवून, हात धुऊन, त्या राधाबाईंच्या घराकडे निघाल्या. पाणंदीत शिरायच्या आधीच त्यांनी हाक मारली होती.